वल्हे हाती धरण्यापूर्वी

नाशकात आमचे बिऱ्हाड ज्या भागात आहे त्यास द्वारका म्हणतात. भगवंतांची द्वारका समुद्राने गिळली अशी कथा आहे. आमची द्वारका म्हणजे मुंबई-आग्रा रस्त्यास पुण्याचा रस्ता जेथे मिळतो तो चौक. आणि तो अष्टौप्रहर वाहनांच्या लोंढ्यात बुडालेला असतो. येथून समुद्र तर नाहीच, परंतु गोदावरीही दृष्टीस पडत नाही. अशा ठिकाणी राहणारा एक सेवानिवृत्त संस्कृत-शिक्षक चौसष्टाव्या वर्षी नाव वल्हवावयास शिकू लागला, हे ऐकून स्नेहीमंडळी प्रथम हसतात, आणि मागाहून हलक्या आवाजात प्रकृतीची चौकशी करतात. प्रकृती उत्तम आहे. परंतु ह्या प्रकरणाच्या मुळाशी माझ्या हातून घडलेली एक जुनी चूक आहे, आणि ती सांगितल्यावाचून वल्ह्याची हकीकत सांगता यावयाची नाही.

नाशिककर गोदावरीस गंगाच म्हणतो. 'गंगेवर जाऊन येतो' असे म्हणून तो घराबाहेर पडतो तेव्हा काशीस निघाला नाही हे परगावच्या पाहुण्यास समजावून सांगावे लागते. मी जन्माचा गंगाकाठचा. मुंज झाल्यापासून रामकुंडावर स्नानसंध्या केली. तथापि कमरेच्या वर पाण्यात कधी उतरलो नाही. १९६९ साली गोदावरीस मोठा पूर आला त्या वेळी मी नऊ वर्षांचा होतो. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कोठवर चढले ह्यावरून पुराचे माप सांगण्याची येथे चाल आहे. त्या वर्षी मोठी माणसे मारुतीचे नाव घेईनाशी झाली. त्या पुराने आमचे काही नेले नाही. नेले ते पुढील वर्षी, आणि अगदी साध्या पाण्याने. माझा आतेभाऊ, मजहून दोन वर्षांनी मोठा, शेवाळलेल्या पायरीवरून घसरला. तो सायंकाळी सापडला. त्या दिवसापासून आमच्या घरी नियम झाला की, मुलांनी पाण्यात उतरावयाचे नाही. स्नान करावयाचे ते पायरीवर बसून, तांब्याने.

त्यास पोहता येत नव्हते म्हणून तो गेला, हा विचार त्या दुःखात कोणाच्या मनात आला नाही. उलट, घरातील पुढील कोणासही पोहता येऊ नये ह्याची मात्र आम्ही पक्की तजवीज केली. भयाचे तर्कशास्त्र हे असे असते. मी न्यायाची प्राथमिक पुस्तके पढलो, मुलांस हेत्वाभास शिकविले, आणि स्वतःच्या घरातील हा हेत्वाभास मला पन्नास वर्षे दिसला नाही.

२००१ साली आमचे थोरले चिरंजीव पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात दाखल झाले. तेथे संगमाजवळ नदीकाठी महाविद्यालयाचा बोट क्लब आहे. तो १९२८ सालचा. दरवर्षी तेथील विद्यार्थी रेगाटा नावाचा जलोत्सव करतात व नावांची बाणासारखी रांग करून वल्हवीत नेतात. तो पाहावयास सारे पुणे लोटते. चिरंजीवांनी मला पत्र लिहिले की, पोहणे शिकून घ्यावे व बोट क्लबात नाव घालावे असे मनात आहे. आपली आज्ञा व्हावी. मी उलट टपाली कळविले की, नद्यांवर विश्वास ठेवू नये असे हितोपदेशकार सांगून गेले आहेत. (त्याच वचनाच्या उत्तरार्धात स्त्रियांविषयी जे म्हटले आहे, ते आता नातीपुढे उच्चारण्याची माझी छाती नाही.) पुढे पत्रात तो विषय आला नाही. मुलाने ऐकले, म्हणून मला समाधान वाटले.

मध्ये पंधरा वर्षे गेली. ऑगस्ट २०१६मध्ये रिओ येथे ऑलिंपिकचे सामने चालू असता वर्तमानपत्रांत आपल्या जिल्ह्यातील एका जवानाचे नाव येऊ लागले. ते दत्तू भोकनळ. आमच्या द्वारकेवरून जो आग्रा रस्ता जातो, तोच पुढे चांदवडास जातो. त्या तालुक्यातील तळेगाव रोही हे त्यांचे गाव. नदी नाही, तळे नाही. उन्हाळ्यात प्यावयाच्या पाण्याची पंचाईत. दत्तू वडिलांबरोबर विहिरी खणण्याच्या कामावर जात. म्हणजे पाणी हे ज्यांच्या लेखी खडक फोडून काढावयाची वस्तू होती, अशांपैकी ते एक. वडील वारल्यावर २०१२ साली ते सैन्यात भरती झाले, खडकीस बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये आले, आणि अंगाने उंच व चिवट म्हणून तेथे त्यांच्या हाती वल्हे देण्यात आले. आरंभी पाण्याची भीती त्यांसही होती. वय एकवीस. ज्या वयात इतर देशांचे वल्हेकरी दहा वर्षांचे जुने झालेले असतात, त्या वयात ह्यांनी पहिले वल्हे धरले. आणि चारच वर्षांनी, आई घरी अंथरुणास खिळलेली असता, एकट्याने वल्हवावयाच्या शर्यतीत २००० मीटर अंतर ६ मिनिटे ५४.९६ सेकंदांत तोडून जगात तेरावे आले. पुढे २०१८ साली पालेम्बांग येथे आशियाई सामन्यांत स्वर्णसिंग, ओमप्रकाश व सुखमीतसिंग ह्यांच्यासह चौघांच्या नावेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. २०२० सालचा अर्जुन पुरस्कारही त्यांस मिळाला.

मी त्या वेळी नोकरीत होतो. शाळेच्या फळ्यावर ही हकीकत सुंदर अक्षरात लिहिली, वर्गात सांगितली, आणि रात्री पंक्तीस बसल्यावर घरातही सांगितली. निश्चयाने काय होत नाही, पाण्यास भिऊन कसे चालेल, इत्यादि बरेच बोललो. चिरंजीव पानावर होते. त्यांनी भात कालवला होता तो तसाच ठेवून ते उठले. सौभाग्यवतीने विचारले तेव्हा, पोट बरे नाही, असे म्हणाले. मलाही ते खरेच वाटले!

ह्या गोष्टीचा उलगडा परवाच्या वर्षी दिवाळीनंतर झाला. आमचे कुटुंब एकत्र असून मुलांचे सहीचे कागद प्रथम माझ्या मेजावर येतात, ही जुनी वहिवाट आहे. थोरली नात अकरावीत. तिने एक अर्ज आणून ठेवला. गंगापूर रस्त्यावर के. टी. एच. एम. महाविद्यालयाच्या पाठीमागे गोदावरीवर जो बोट क्लब आहे, तेथे नौकानयन शिकण्याविषयीचा तो अर्ज. मी चष्मा काढला आणि हितोपदेशाकडे वळणार, तोच ती म्हणाली, "आजोबा, बाबांना तुम्ही पत्रातून नाही म्हणालात. मला समोर बसवून नाही म्हणा." मग तिच्याकडून कळले की, पुण्यास चार वर्षे दर रेगाटास चिरंजीव काठावर उभे राहून पाहत असत. हे त्यांनी लेकीस सांगितले. मजजवळ कधी बोलले नाहीत. त्या रात्री ते अर्धे पान टाकून का उठले, हे मला आठ वर्षांनी समजले.

सही मी लगेच केली नाही. खोटे कशास सांगू? हात चालेना. मी म्हणालो, "आधी मी येऊन पाहीन." तिने ते मान्य केले.

शनिवारी पहाटे आम्ही दोघे तेथे गेलो. पाण्यावर धुके होते. शिक्षक जेमतेम पंचविशीतील तरुण. मी गुरुजी आहे हे कळताच त्यांनी मला खुर्ची दिली. त्यांनी नातीस पहिला प्रश्न केला तो, 'पोहता येते का?' हा. तिला येत होते. सूनबाईंनी तिला सावरकर जलतरण तलावावर नेऊन ते शिकविले होते, आणि घरी ती चित्रकलेच्या वर्गास जाते असे सांगितले होते. माझ्या नियमाचे घरात काय चालले होते ते असे हळूहळू उजेडात येत गेले. शिक्षक म्हणाले, "ज्याला पोहता येत नाही, त्याला आम्ही नावेला हातसुद्धा लावू देत नाही." ह्या एका वाक्याने माझे अर्धे भय गेले. आमच्या घरी पाणी टाळण्याचा नियम होता. येथे पाण्यास तोंड देण्याचा होता.

पहिले तीन आठवडे नातीस नाव मिळालीच नाही. जमिनीवर एक यंत्र असते; मुले त्यास 'अर्गो' म्हणतात. त्यावर सरकती बैठक, पाय अडकविण्यास पट्टे, आणि ओढावयास साखळीची मूठ. नवशिक्यास वाटते की वल्हविणे हे बाहुबलाचे काम. मलाही तसेच वाटत होते. वस्तुतः जोराचा मोठा वाटा पायांचा असतो. गुडघे दुमडून बैठक पुढे आणावयाची, पायांनी फळीस रेटा द्यावयाचा. पाय सरळ होत आले की कंबरेतून पाठ मागे न्यावयाची, आणि सर्वांत शेवटी मूठ छातीखाली ओढावयाची. परतताना ह्याच्या बरोबर उलट: आधी हात, मग पाठ, मग गुडघे. मी नातीस म्हणालो, हा तर अनुलोम-विलोम. रामशब्द चालविण्यासारखाच घोकून बसवावयाचा. ती म्हणाली, "रामशब्दानं मांड्या दुखत नाहीत, आजोबा."

मग नाव. शर्यतीची एकट्याची नाव सुमारे आठ मीटर लांब, पाण्याशी जेमतेम एक फूट रुंद, आणि वजनाला चौदा-पंधरा किलो. म्हणजे आमच्या घरच्या तांदळाच्या गोणीहून हलकी. ती स्वतः होऊन पाण्यावर उभी राहूच शकत नाही. दोन बाजूंस पसरलेली दोन वल्ही हीच तिचा तोल. म्हणून पहिला नियम हा की, काही झाले तरी मुठी सोडावयाच्या नाहीत. नवशिक्यांस अर्थातच अशी नाव देत नाहीत. त्यांची नाव रुंद व स्थिर असते, आणि अंगात तरंगते जाकीट असते. तरीही उलटून पडण्याची तालीम मुद्दाम करवितात. उलटल्यास काठाकडे पोहत सुटावयाचे नाही. नाव बुडत नाही, तीस धरून राहावयाचे. ही तालीम पाहताना मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो होतो. नात पाण्याखाली गेली, वर आली, नावेस हात टाकून हसू लागली. घरी आल्यावर मी सही केली.

नात आठवड्यातून चार दिवस जाऊ लागली, आणि सोबत म्हणून मीही. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले म्हणजे नदीवरचा सराव बंद. कधी पाणवेली इतक्या माजतात की वल्ह्याचे पाते त्यांत गुंतून बसते. अशा दिवशी मुले यंत्रावर घाम गाळीत, आणि मी शिक्षकांशी शब्दांविषयी बोलत बसे. वल्ह्यास अमरकोशात क्षेपणी म्हटले आहे. वेदात अरित्र हा शब्द येतो. समुद्रात बुडणाऱ्या भुज्यूस अश्विनीकुमारांनी शंभर वल्ह्यांच्या नावेतून तारिल्याची कथा ऋग्वेदात आहे. इंग्रजांचा वल्हविण्याचा 'रो' हा शब्द आणि आपले अरित्र ही एकाच प्राचीन धातूची लेकरे, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. हे ऐकून शिक्षकांनी शांतपणे विचारले, "गुरुजी, एवढं ठाऊक आहे तर तुम्ही कधी बसणार?"

मी वयाचे कारण सांगितले. ते म्हणाले, वय चालेल. पोहणे आले पाहिजे, आणि डॉक्टरांचा दाखला.

चैत्रात मी सावरकर तलावावर नाव घातले. माझ्या वर्गात आठ-नऊ वर्षांची मुले होती. काठास धरून पाय मारणे, पाण्यात तोंड घालून श्वास सोडणे, हे धडे आम्ही बरोबरीने गिरविले. त्यांस आठवड्यात आले, मला सव्वा महिना लागला. पहिल्या दिवशी पाणी छातीशी आले तेव्हा आतेभाऊ आठवला. पायऱ्या चढून वर आलो, टॉवेल गुंडाळून बसलो, आणि घरी निघणार होतो. शेजारी एक लहानगा थरथरत बसला होता. तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही उतरलात तर मी उतरतो." असे म्हटल्यावर शिक्षक माणसास परत फिरता येत नाही. जेव्हा पन्नास मीटर अंतर न थांबता तोडले, तेव्हा घरी सौभाग्यवतीने शिरा केला आणि मग डोळ्यांस पदर लावला.

ह्या कार्तिकात मी प्रथम नावेत बसलो. रुंद नाव, मागे शिक्षक. जे जे चुकावयाचे ते ते चुकलो. मुठी इतक्या घट्ट धरल्या की पंधरा मिनिटांत कोपरापर्यंत हात भरून आले. दोन्ही मुठी अंगासमोरून जाताना एकीवर एक येतात. डावा हात किंचित वर ठेवावयाचा असतो. तो न ठेवल्यामुळे डाव्या नखांनी उजव्या बोटांची साले काढली. पाते पाण्यात उभे घालावयाचे व परतताना आडवे करावयाचे; मी ते तिरपे घातले, तेव्हा ते खोल ओढले जाऊन मूठ अशी पोटात बसली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. इंग्रज खेळाडू ह्या प्रकारास खेकडा पकडणे म्हणतात. माझा खेकडा चांगला पोसलेला होता.

परंतु सर्वांत कठीण गेले ते निराळेच. वल्हविणारा जावयाच्या दिशेस पाठ करून बसतो. पुढे काय आहे ते त्यास दिसत नाही. सोडून आलेला काठ तेवढा दिसतो. मी दर क्षणास मान वळवून पाहू लागलो, आणि मान वळली की नाव कलंडे. शिक्षक म्हणाले, "पाच-सहा वल्ह्यांनी एकदा पाहा. मधल्या वेळात मागच्या खुणेवर नजर ठेवा. ती सरळ राहिली म्हणजे नाव सरळ चालली आहे." मी काठावरील एक उंबर खुणेस धरला. महिन्याभरात नाव उंबराशी सरळ रेषेत राहू लागली. वाकडी गेली तर कोणत्या पायाचा रेटा कमी पडला हे आता समजते.

गेल्या रविवारी घरची मंडळी पाहावयास आली. धाकटे बंधू, सूनबाई, आणि मोटार चालवीत चिरंजीव. जोडनावेत मी व नात. शिक्षकांनी नाव धक्क्याशी धरून ठेवली होती. माझ्या दोन्ही मुठी हाती होत्या, पाय पट्ट्यांत अडकविलेले. चिरंजीव धक्क्यावर माझ्या अगदी समोर उभे होते. इतक्या वर्षांत ह्या विषयावर आम्ही एक अक्षर बोललो नव्हतो. मी म्हणालो, "ते पत्र मी लिहावयास नको होते." त्यांनी मान हलविली. काय म्हणावयाचे होते ते त्यांनाही सुचले नसावे. खाली वाकून माझ्या जाकिटाचा एक बंद सैल होता तो त्यांनी आवळून दिला.

शिक्षकांस आमचे बोलणे कळण्याचे कारण नव्हते. ते मोकळेपणाने म्हणाले, "सर, तुम्हीही नाव घाला की. चाळिशी म्हणजे काही उशीर नाही. पोहता येतं ना?"

"येतं," चिरंजीव म्हणाले. "पुण्याला शिकलो. दुसऱ्या वर्षाला होतो."

मी सूनबाईंकडे पाहिले. त्या नदीकडे पाहत होत्या. म्हणजे त्यांस ठाऊक होते.

शिक्षकांनी नाव ढकलली. पहिले वल्हे पाण्यात गेले, आणि धक्का, धक्क्यावरील मंडळी, त्यांत हात कमरेवर ठेवून उभे असलेले चिरंजीव, हे सर्व माझ्या डोळ्यांसमोर हळूहळू लांब जाऊ लागले. उंबर त्यांच्या बराच डावीकडे होता. त्या दिवशी मी उंबराकडे पाहिले नाही. मागून नात ओरडली, "आजोबा, मुठी सैल!"